मोफत अँटिव्हायरसची नवी आवृत्ती बसवताना

अँटिव्हायरसच्या खिडकीत हिरवी खूण आहे, 'अपडेट झाले' असा निरोप रोज येतो, आणि तरीही आत चालणारा प्रोग्राम दोन-तीन वर्षांपूर्वीचा असू शकतो. कारण या सॉफ्टवेअरमध्ये दोन निराळ्या गोष्टी अपडेट होत असतात. एक म्हणजे डेफिनिशन, म्हणजे घातक फाइल्स ओळखण्यासाठी लागणारी माहिती. ती दिवसातून कित्येकदा गुपचूप उतरते. दुसरी म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम: फाइल उघडण्याआधी तिला अडवणारे ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्याशी जोडून चालणारे छोटे प्रोग्राम), एखादा प्रोग्राम संशयास्पद वागतोय का हे पाहणारा भाग, ब्राउझरमधून येणारी-जाणारी माहिती तपासणारा भाग. हा दुसरा हिस्सा क्वचित बदलतो, आणि बदलताना तो विंडोजच्या पार आतल्या थरात हात घालतो. म्हणून व्हर्जन बदलताना थोडी पूर्वतयारी लागते. एखादा गेम किंवा फोटो एडिटर अपडेट करण्याइतकं हे सरळ नसतं.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

आधी बघा, कुठे उभे आहात

अँटिव्हायरस उघडा आणि 'अबाउट' किंवा 'अपडेट' नावाचं पान शोधा. तिथे साधारण दोन ओळी असतात: डेफिनिशनची तारीख आणि प्रोग्रामचा व्हर्जन क्रमांक. बऱ्याच कंपन्या क्रमांकात वर्ष घालतात. अवास्टच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे वर्षाचेच असतात, त्यामुळे तो २३ने सुरू होत असेल तर हा माल २०२३चा. दोन्ही ओळींसाठी वेगवेगळी 'अपडेट' बटणं असतात आणि लोक हमखास पहिलंच दाबून मोकळे होतात. दुसरं दाबून बघा. पुष्कळदा काम तिथेच होतं, आणि हा लेख शेवटच्या तपासणीपुरताच तुमच्या उपयोगाचा राहतो.

विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्याच सुरक्षेच्या अ‍ॅपमध्येही एकदा डोकावून या. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये सध्या पहारा नेमका कोणाचा आहे ते नावासकट दिसतं. वर्षानुवर्षं वापरलेल्या मशीनवर इथे गंमत सापडते: आपण एक अँटिव्हायरस वापरतोय असं मनात पक्कं, आणि लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला दुसराही नोंदलेला. असे दोन दिसले तर आधी त्यातला नको तो काढा, अपग्रेडचं नंतर बघू. फाइल उघडली की दोघेही तिच्यावर एकाच वेळी झडप घालतात. मशीन रखडतं, आणि कधीकधी एक दुसऱ्याच्याच फाइल्सना व्हायरस ठरवतो. मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीसारखी, सांगितल्यावरच स्कॅन करणारी साधनं याला अपवाद. ती सतत पहारा देत नाहीत, म्हणून सोबत चालतात.

नवी आवृत्ती तुमच्या मशीनवर चालणार का, हे कंपनीच्या साइटवरच्या 'सिस्टिम रिक्वायरमेंट्स'मध्ये पाहा. दोन ठिकाणी गाडी अडते. लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा (इंटेल-एएमडीहून वेगळ्या घडणीचा) असेल तर अँटिव्हायरसला त्या प्रोसेसरसाठीच बनवलेले ड्रायव्हर लागतात. बाकीचे प्रोग्राम भाषांतर करून चालवण्याची विंडोजची युक्ती ड्रायव्हरच्या बाबतीत चालत नाही. आणि विंडोज 'एस मोड' या बंदिस्त प्रकारात असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचा प्रोग्राम बसतच नाही.

फाइल कुठून घ्यायची

सर्च इंजिनमध्ये नाव टाकलं की सगळ्यात वर बहुधा जाहिरात येते. तिथे क्लिक करू नका. २०२४ मध्ये ट्रेलिक्स या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांना अवास्ट, बिटडिफेंडर आणि मालवेअरबाइट्स यांच्या हुबेहूब नकली साइट्स सापडल्या होत्या. तिथून उतरणारी फाइल अँटिव्हायरस नसून माहिती चोरणारा प्रोग्राम होता. पत्ता स्वतः टाइप करा, किंवा आधीच बसलेल्या अँटिव्हायरसमधल्या लिंकवरून जा. 'तुमचा अँटिव्हायरस कालबाह्य झाला आहे, लगेच अपग्रेड करा' असा निरोप ब्राउझरमध्ये आला तर तो खोटा समजायला हरकत नाही. खात्री करायची तर ब्राउझर पूर्ण बंद करा. निरोप त्याच्यासोबत गेला, तर तो अँटिव्हायरसचा नव्हता.

उतरलेल्या फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, त्यात 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब पाहा. सही करणाऱ्याच्या जागी कंपनीचं नाव हवं आणि 'डिटेल्स'मध्ये सही ठीक असल्याचा निर्वाळा हवा. टॅबच नसेल तर फाइल सरळ डिलीट करा. नाव थोडं वेगळं दिसलं म्हणून मात्र लगेच दचकू नका. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली, आणि आज अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन हे चारही ब्रँड जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत.

इन्स्टॉलर दोन तऱ्हेचे मिळतात. छोटा, काही एमबींचा, जो चालू केल्यावर बाकीचा माल इंटरनेटवरून ओढतो. आणि मोठा, ऑफलाइन, ज्यात सगळं आधीच भरलेलं असतं. मोठाच घ्या. जुनं काढल्यावर नेट बंद पडलं, आणि असं होऊ शकतं, तर छोट्या इन्स्टॉलरचा काही उपयोग नाही. त्याच वेळी कंपनीच्या साइटवरून जुनी आवृत्ती मुळासकट काढणारं खास साधनही उतरवून ठेवा: अवास्टचं 'अवास्ट क्लियर', एव्हीजीचं 'एव्हीजी क्लियर', कॅस्परस्कीचं 'केएव्हीरिमूव्हर', बिटडिफेंडरचं 'अनइन्स्टॉल टूल'. कदाचित लागणार नाही. पण लागलंच तर तेव्हा ते शोधण्याच्या परिस्थितीत तुम्ही नसाल.

तयारी

महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर असू द्या. अँटिव्हायरस ज्या खोलीवर काम करतो तिथे चूक झाली तर मशीन सुरूच होत नाही, हे याआधी घडलेलं आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक सिस्टिम फाइल ट्रोजन (साळसूद रूपात आलेला घातक प्रोग्राम) ठरवली, आणि ज्यांनी ती काढू दिली त्यांची मशीनं पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिली. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या अपडेटनेही एक्सपीवर तोच प्रकार केला.

मग स्टार्टमध्ये 'रिस्टोर पॉइंट' शोधून सी ड्राइव्हचं संरक्षण चालू आहे ना ते पाहा आणि एक पॉइंट हाताने बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीवर परत नेता येईल. मिनिटभराचं काम आहे.

ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही ती गोष्ट म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एनक्रिप्शनची, रिकव्हरी की. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क एनक्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या भागांनिशी सुरू करायची, वेळ आली तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली जाऊ शकते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. दुसऱ्या फोनवरून किंवा कागदावरून ती वाचता येईल अशी सोय आधीच करा. खात्याचा खरा पासवर्डही आठवतोय ना ते बघा. रोज पिन किंवा बोट लावून आत जाणाऱ्यांना तो आठवत नसतो.

शेवटी जुन्या अँटिव्हायरसमधल्या दोन याद्या. एक्सक्लुजन, म्हणजे 'या फोल्डरला हात लावू नको' असं तुम्ही सांगितलेलं, आणि क्वारंटाइन, म्हणजे त्याने पकडून कोंडून ठेवलेल्या फाइल्स. नुसतं अपग्रेड केलं तर दोन्ही सहसा टिकतात. काढून नव्याने बसवलं तर दोन्ही जाऊ शकतात. सेटिंग्ज एक्सपोर्ट करायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर एक्सक्लुजनच्या पानाचा स्क्रीनशॉट पुरे. क्वारंटाइनमध्ये तुमची एखादी कामाची फाइल चुकून अडकली असेल तर तिचा निकाल आत्ताच लावा.

सोपा रस्ता: वरच्यावर अपग्रेड

जुनी आवृत्ती नीट चालत असेल तर हाच रस्ता धरा. 'आधी सगळं काढा, मगच नवं बसवा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याच कंपनीच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाताना त्याची बहुतेक वेळा गरज नसते. विंडोजचे अपडेट राहिले असतील तर ते आधी उरका, त्यांच्यासाठी बाकी असलेला रीस्टार्टही देऊन टाका. अर्धवट राहिलेला रीस्टार्ट हे अपग्रेड फसण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. मग अँटिव्हायरसमधलं प्रोग्राम अपडेटचं बटण दाबा किंवा नवा इन्स्टॉलर चालवा.

आता कारण नसताना घाई होते ती जागा. पडद्यावर एक भलंमोठं रंगीत 'इन्स्टॉल' बटण येतं. त्याच्या वर किंवा खाली, बारीक फिकट अक्षरात 'कस्टमाइझ' असं काहीतरी लिहिलेलं असतं. क्लिक तिथे करायचं. आत भागांची यादी उघडते आणि बहुतेक सगळ्यांवर आधीच टिक असते. फाइल, वर्तन, वेब आणि मेल यांचे पहारेकरी ठेवा. मेल फक्त ब्राउझरमध्ये वाचत असाल तर मेलचा भाग नसला तरी चालतो. 'क्लीनअप', 'ड्रायव्हर अपडेटर', 'व्हीपीएन', 'सुरक्षित ब्राउझर' यांच्यावरची टिक काढा. हे मोफत आवृत्तीचे भाग नसतात. ती दुकानाची दारं असतात. पंधरा दिवसांनी तेच सांगू लागतात की तुमच्या मशीनमध्ये इतक्या शेकडो अडचणी आहेत आणि त्या सोडवायच्या तर पैसे भरा. दुसऱ्याच कंपनीचा ब्राउझर बसवायची आणि त्याला डीफॉल्ट करायची टिकही याच सुमारास कुठेतरी दबा धरून असते.

कधी 'प्रीमियम ३० दिवस मोफत' आणि 'मोफत आवृत्तीच ठेवा' असे दोन चौकोन शेजारी शेजारी येतात. पहिला झळाळता, दुसरा करडा. करडा निवडा. मोफत आवृत्तीला कार्डाचा नंबर कधीच लागत नाही. तो मागणारं पान आलं की तुम्ही चुकीच्या दारात आहात एवढं ओळखा, कारण चाचणीची मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात.

बसवून झालं की रीस्टार्ट. इथे 'शट डाउन करून पुन्हा चालू' हा रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप'मुळे शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तशीच उचलली जाते. त्यामुळे जुना ड्रायव्हर आत बसून राहतो आणि अँटिव्हायरस 'रीस्टार्ट बाकी आहे' हे पालुपद सोडत नाही. मेनूतला 'रीस्टार्ट' दाबला की गाभा नव्याने उभा राहतो.

लांबचा रस्ता: काढून नव्याने

अपग्रेड दोनदा फसलं, जुनी आवृत्ती उघडतच नाही, की तुम्ही दुसऱ्याच कंपनीकडे निघालात, तर मात्र काढावंच लागतं. चालू असलेलं सगळं सेव्ह करून बंद करा. 'सेटिंग्ज'मध्ये 'अ‍ॅप्स', त्यात 'इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स' किंवा विंडोज १०वर 'अ‍ॅप्स अँड फीचर्स', तिथे अँटिव्हायरसचं नाव, आणि 'अनइन्स्टॉल'.

आता पडद्यासमोरून उठू नका. अँटिव्हायरस स्वतःचं रक्षण करत असतो, म्हणजे एखादा व्हायरस त्याला परस्पर उखडून टाकू शकू नये. त्यामुळे 'मला काढण्याचा प्रयत्न होतोय, तो तुम्हीच करताय का?' असा प्रश्न येतो. अवास्टमध्ये याचं उत्तर द्यायला ६० सेकंद मिळतात. तेवढ्यात 'येस' दाबलं नाही तर ते 'नो' धरून काम थांबवतं. लोक पाणी प्यायला जातात, परत येऊन बघतात तर अँटिव्हायरस जागच्या जागी, आणि मग 'हा निघतच नाही' म्हणून वैतागतात. मध्येच 'जाऊ नका, निम्म्या किमतीत देतो' अशी पानंही येतात. ती ओलांडा. तुम्हाला 'अपडेट' किंवा 'रिपेअर' नकोय, 'अनइन्स्टॉल' हवंय.

काढून झालं की रीस्टार्ट करा आणि विंडोज सिक्युरिटी उघडा. तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडर, म्हणजे विंडोजसोबतच येणारा अँटिव्हायरस, आपणहून जागा झालेला दिसायला हवा. दुसरा अँटिव्हायरस नोंदलेला असेल तेव्हा तो बाजूला होतो आणि जागा रिकामी झाली की परत येतो, त्यामुळे मधल्या वेळात मशीन उघडं पडत नाही. डिफेंडर उठला नाही तर जुन्याचे अवशेष अजून आत आहेत असं समजा आणि नवं बसवायची घाई करू नका. नेट बंद पडलं असेल तरी संशय तोच: जुन्याचा फायरवॉल ड्रायव्हर अर्धवट निघाला आहे.

अशा वेळी आधी उतरवून ठेवलेलं साधन आणि सेफ मोड:

१. शिफ्ट दाबून धरा आणि स्टार्टमधून 'रीस्टार्ट' निवडा.
२. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'स्टार्टअप सेटिंग्ज', आणि तिथे 'रीस्टार्ट'. बिटलॉकरची की मागितली तर ती द्या.
३. यादी आली की ४ दाबा. हा साधा सेफ मोड, नेटशिवाय. नेट लागणार असेल तर ५.
४. काढण्याचं साधन चालवा. ते फोल्डर विचारतं. अँटिव्हायरस नेहमीच्या जागी बसवला असेल तर सुचवलेलं तसंच राहू द्या. दुसरा फोल्डर चुकूनही निवडू नका, त्यातला मजकूर जाऊ शकतो.
५. काम झालं की नेहमीसारखं रीस्टार्ट.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, शिरून हाताने नोंदी उडवण्याचे सल्ले वाचायला मिळतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका, आणि 'रजिस्ट्री क्लीनर'च्या तर मुळीच नको.

मग ऑफलाइन इन्स्टॉलर चालवा, कस्टमाइझची तीच काळजी घ्या, आणि पुन्हा रीस्टार्ट.

तरीही इन्स्टॉलर अडला तर त्याने दिलेला एरर क्रमांक कंपनीच्या मदतीच्या पानावर शोधा. त्याआधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेल्या जुन्या मशीनवर घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं, मग इन्स्टॉलरची डिजिटल सही आणि सर्व्हरचं सर्टिफिकेट दोन्ही 'अजून वैध नाही' ठरतात. निरोप मात्र भलताच येतो. तारीख दुरुस्त केली की काम पुढे सरकतं.

बसलं, पण काम करतंय का?

व्हर्जन क्रमांक बदलला का ते पाहा, डेफिनिशन एकदा हाताने अपडेट करा, आणि विंडोज सिक्युरिटीत नव्या अँटिव्हायरसचं नाव आलं याची खात्री करा. त्यानंतर खरी परीक्षा घ्या. आयकार ही युरोपातली संस्था एक चाचणी फाइल मोफत देते: फक्त ६८ अक्षरांचा साधा मजकूर, पूर्ण निरुपद्रवी, आणि जवळपास सगळ्या अँटिव्हायरसनी तिला व्हायरस मानायचं हे ठरवून घेतलेलं आहे. संस्थेच्या साइटवरून ती उतरवून बघा. उतरताना किंवा उघडताना आरडाओरडा झाला पाहिजे. फाइल निमूटपणे डाउनलोड फोल्डरमध्ये बसली आणि उघडलीही, तर पहारा चालू नाही.

पहिला पूर्ण स्कॅन तासन्‌तास चालतो. लॅपटॉप चार्जिंगला लावून रात्री सुरू करा. पुढचे स्कॅन लवकर उरकतात, कारण न बदललेल्या फाइल्सची त्याने नोंद ठेवलेली असते.

अपग्रेडनंतर ब्राउझर किंवा मेल प्रोग्राम 'सर्टिफिकेटवर विश्वास नाही' म्हणू लागला तर त्याचं मूळ बहुधा इथेच असतं. एनक्रिप्ट केलेली वाहतूक तपासण्यासाठी अँटिव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट मध्ये घालतो, आणि नव्या आवृत्तीचं सर्टिफिकेट त्या प्रोग्रामला अजून ओळखीचं नसतं. ब्राउझर बंद करून उघडा. तरी राहिलं तर अँटिव्हायरसमधला 'एचटीटीपीएस स्कॅनिंग'चा पर्याय एकदा बंद-चालू करून बघा.

लगेच बदलायच्या सेटिंग्ज

अपग्रेडमध्ये काही जुन्या निवडी मूळपदावर जाऊ शकतात, म्हणून 'प्रायव्हसी'चं पान पुन्हा पाहा. तिसऱ्या पक्षाला माहिती देणं, जाहिरातीसाठी वापर, असं जे काही असेल ते बंद. यात संशयखोरपणा काही नाही. अवास्टने आपल्या ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली होती. जम्पशॉट २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यासाठी अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मेलच्या तळाशी 'व्हायरसमुक्त' अशी जाहिरातवजा सही चिकटवण्याचा पर्याय असेल तर तोही काढा. जाहिरातींच्या खिडक्या मोफत आवृत्तीत पूर्ण थांबत नाहीत, पण 'सायलेंट' किंवा 'डू नॉट डिस्टर्ब' मोडने बऱ्याच कमी होतात.

एक्सक्लुजनची यादी परत भरताना प्रत्येक नोंद खरंच लागते का ते बघा. डाउनलोड फोल्डर त्यात असेल तर तो परत टाकू नका.

नवी मोफत आवृत्ती मिळतच नसेल तर

हेही होतं. बिटडिफेंडरने जुनी मोफत आवृत्ती २०२१च्या अखेरीस बंद केली आणि २०२२ मध्ये नवी आणली; मधल्या काळात लोकांना दुसरी सोय पाहावी लागली. मशीनवर विंडोज ७ असेल तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजीच काढून घेतला आहे, आणि अशा मशीनवर नवी आवृत्ती बसवण्यासाठी झटापट करण्यापेक्षा त्याला नेटपासून लांब ठेवलेलं बरं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरची डेफिनिशन त्यावर ऑक्टोबर २०२८पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, पण विंडोजमधली भोकं बुजवणारे नेहमीचे अपडेट ही वेगळी गोष्ट आहे आणि ती कुठलाही अँटिव्हायरस भरून काढत नाही.

विंडोज ११वर असाल आणि वरच्या सगळ्या खटाटोपाचा कंटाळा आला असेल, तर माझ्या मते डिफेंडरवर राहणं हा पूर्णपणे शहाणा पर्याय आहे. त्याची आवृत्ती विंडोज अपडेटमधूनच बदलते, तो काही विकायला येत नाही. जुना अँटिव्हायरस नीट काढा, डिफेंडर जागा झालाय ते पाहा, त्याच्या सेटिंग्ज दुसऱ्या कुणाला बदलू न देणारं 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू ठेवा. दुसराच अँटिव्हायरस ठेवायचा असेल तरी विंडोज सिक्युरिटीत 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस ऑप्शन्स'खाली 'पीरिऑडिक स्कॅनिंग' चालू करता येतं. मग डिफेंडर पहाऱ्यात लुडबुड न करता अधूनमधून फक्त स्कॅन करून जातो, आणि दोघांची टक्करही होत नाही.